यल्लापूरच्या सिद्दींकडे जायचंय? मग आधी हे वाचा

मागच्या दोन वर्षांत मी दोनदा यल्लापूरला जाऊन आले, पहिल्यांदा पूर्ण फसले आणि दुसऱ्यांदा नीट जमलं. तेव्हापासून ओळखीतले कोणी ना कोणी विचारतातच, "ते आफ्रिकन लोक राहतात ना तिकडे, कसं जायचं?" प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून, जास्त करून पूर्व किनाऱ्यावरून, इकडे आणलेल्या लोकांचे वंशज. कर्नाटकातल्या बऱ्याच सिद्दींचे पूर्वज पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते, तिथून पळून ते घाटावरच्या जंगलात शिरले आणि तिथलेच झाले. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला, जोयडा या तालुक्यांत त्यांची वस्ती आहे, थोडे बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतही आहेत. काही हिंदू, काही ख्रिश्चन, काही मुसलमान. २००३ मध्ये उत्तर कन्नडातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, आणि २०२० मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले, सिद्दी समाजातले ते पहिले आमदार.

१. आधी ठरवा, कुठल्या सिद्दींकडे जायचंय

इथेच पहिला गोंधळ होतो. आपल्याकडे सिद्दी म्हटलं की डोळ्यासमोर जंजिरा येतो, फार तर मलिक अंबर. पण ते लढवय्ये आणि सत्ताधारी सिद्दी, त्यांचा इतिहास वेगळा. मुरुडला होडीने जाऊन किल्ला बघाल, तोफा बघाल, गाणं आणि जेवण काही तिथे मिळणार नाही.

दुसरा पर्याय गुजरात. गीरच्या जंगलाला लागून तालाळ्याजवळ जांबूर गाव आहे, तिथली धमाल (नाचाचं नावच धमाल) प्रसिद्ध आहे, मोरपिसं, रंगवलेले तोंड, हवेत उडवलेला नारळ डोक्यावर फोडणं. वाद्यंही वेगळी, मुगरमान नावाचा मोठा ढोल, मलुंगा नावाचं धनुष्यासारखं एकतारी वाद्य. बावा गोर नावाच्या पिराला ते फार मानतात. जांबूरच्याच हिरबाई लोबींना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सिंह बघायचेच असतील तर तिकडे जा, पण गीरची सफारी १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असते हे लक्षात ठेवा.

तिसरा पर्याय यल्लापूर, आणि कोल्हापूर, सांगली, पुणे, गोवा इकडच्या माणसाला हाच सगळ्यात सोपा. शिवाय एक मोठा फायदा म्हणजे भाषा. सिद्दी घरात जी बोली बोलतात तिचा पाया कोकणीचा, त्यात मराठी आणि कन्नड मिसळलेली. पहिल्या संध्याकाळी दोन बायका आपसात भांडत होत्या (कोंबडी कोणाच्या अंगणात शिरली यावरून) आणि मला निम्मं भांडण समजलं, तेव्हा मी चाटच पडले. हल्याळकडे तर सरळ मराठी बोलणारी माणसं भेटतात.

२. कधी जायचं

ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी. नोव्हेंबर सगळ्यात बेस्ट, धबधब्यांना पाणी असतं आणि रस्ते वाळलेले असतात. जून ते सप्टेंबर पाऊस असा पडतो की आपल्या गगनबावड्याची आठवण यावी, जळवा असतात, काही धबधब्यांचे रस्ते बंद करतात. मार्चनंतर उकाडा, पण मध आणि फणसाचे दिवस तेच, त्यामुळे खादाडांनी एप्रिलचा विचार करायला हरकत नाही.

नवरात्रात हिंदू सिद्दींच्या घरी पूर्वजांची पूजा असते. हिरियारू म्हणतात त्यांना, नारळाच्या रूपात पुजतात. ते घरचं कार्य आहे, बोलावलं तर जा, नाहीतर "आम्हाला दाखवा ना" करत दारात उभे राहू नका.

३. गाईड आणि मुक्काम, इथेच लोक फसतात

माझं पहिल्यांदा काय झालं ते सांगते. दांडेलीला राफ्टिंगला गेलो होतो, तिथल्या एका एजंटने "सिद्दी नाईट" असं पॅकेज विकलं. रिसॉर्टच्या लॉनवर, बुफेच्या बाजूला, पानांचे घागरे घातलेली आठ पोरं आली, वीस मिनिटं स्पीकरवरच्या गाण्यावर नाचली, लोकांनी सेल्फी काढले आणि ती टेम्पोत बसून गेली. त्यातल्या एकाला मी गेटजवळ विचारलं किती मिळतात, त्याने जो आकडा सांगितला तो आम्ही चौघांनी भरलेल्या पैशांच्या पावपटसुद्धा नव्हता, आणि तो आठ जणांत वाटायचा होता. दुसऱ्या वेळी गावातल्या एका मावशींना त्या पानांच्या घागऱ्याबद्दल विचारलं तर हसून म्हणाल्या, "ते स्टेजसाठी गं, आम्ही घरी साडीवरच नाचतो."

म्हणून थेट समाजाकडूनच बुकिंग करा. यल्लापूर तालुक्यात इडगुंदीच्या बाजूला सिद्दी बायका बचत गटातून पाहुण्यांची सोय करतात, जेवण, राहणं, गाणं, जंगलात फिरवणं सगळं त्याच बघतात. फोन केलात तर हे प्रश्न नक्की विचारा:

- गाण्याच्या ग्रुपचे पैसे राहण्यात धरलेत की वेगळे? वेगळे असतील तर बरं, कोणाला काय मिळतंय ते कळतं.
- जंगलात नेणारा गाईड गावातलाच आहे का, आणि वनखात्याची परवानगी लागणारी जागा आहे का?
- टॉयलेट कसं आहे. लाजू नका, विचारा. आमच्याबरोबर सासूबाई होत्या, त्यांना गुडघ्यामुळे कमोड लागतो, आधी विचारलं म्हणून त्यांनी त्याप्रमाणे खोली दिली.
- मांसाहारी जेवण हवं की नको हे आदल्या दिवशीच सांगा, मासे आणि खेकडे फ्रीजमध्ये पडलेले नसतात, ते आणावे लागतात.

सगळे पैसे आधी भरा असं कोणी म्हणालं तर थांबा. थोडा अॅडव्हान्स ठीक आहे. आणि दोनच माणसं असाल तर गाण्याच्या ग्रुपचा खर्च अंगावर येतो, सहा-आठ जण जमवून गेलात तर परवडतं.

४. कागदपत्रं आणि सामान

- आधार किंवा दुसरं ओळखपत्र, प्रत्येकाचं. झेरॉक्स दोन.
- बरोबर परदेशी पासपोर्टवाला नातेवाईक असेल (आमचा अमेरिकेतला भाचा होता) तर बुकिंग करतानाच सांगा, परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते आणि प्रत्येक होमस्टेला ते जमत नाही.
- रोख पैसे. यल्लापूर गावात एटीएम आहेत, पुढे नाहीत असंच समजून चला. यूपीआय चालतं, पण रेंज असेल तर.
- मॅप आधी डाउनलोड करून ठेवा. मी केला नव्हता आणि संध्याकाळी सुपारीच्या बागेत गाडी घालून एका हविक (तिकडचे ब्राह्मण) भटजींच्या अंगणात पोचलो. त्यांनी चहा दिला आणि पोरगा बरोबर पाठवला, पण प्रत्येकाचं नशीब इतकं चांगलं नसेल.
- पूर्ण बाह्यांचे कपडे, फुल पँट, लांब मोजे, बूट. टॉर्च.
- जळवांसाठी मीठ. पुरचुंडी करून ओल्या फडक्यात बांधा, जळू चिकटली की नुसता स्पर्श केला तरी सुटते. ओढून काढू नका, जखम चिघळते.
- दोन-तीन जुन्या सुती साड्या. कशाला ते शेवटी सांगते.

एक गोष्ट जरा गंभीरपणे. या जिल्ह्यात माकडताप असतो, म्हणजे तोच जो आपल्याकडे दोडामार्ग-बांद्याकडे आला होता. १९५७ मध्ये शिमोग्यातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला म्हणून त्याला क्यासनूरचा ताप म्हणतात. गोचिडीच्या चाव्यातून होतो, डिसेंबर ते मे जास्त. घाबरून ट्रिप रद्द करायची गरज नाही, पण निघायच्या आधी तिथे साथ आहे का हे यजमानांना विचारा, पालापाचोळ्यावर बसू-लोळू नका, परत आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे वेगळे टाका, मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका आणि गाईडला सांगा. घरी आल्यावर ताप आला तर डॉक्टरला कुठे गेला होता हे आधी सांगा.

५. पोचायचं कसं

रेल्वेने हुबळी, तिथून अंकोल्याकडे जाणारी कुठलीही बस यल्लापूरवरून जाते, साधारण ७० किलोमीटर. कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट आहे, त्यामुळे गर्दी तुफान असते, आणि आपलं महाराष्ट्राचं आधार दाखवून काही उपयोग नाही, तिकीट काढावंच लागतं (मी दाखवून बघितलं, कंडक्टर मनापासून हसला). गोव्याहून किंवा कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी अंकोल्याला उतरून अरबैल घाट चढून यावं, घाट सुंदर आहे पण ट्रक फार, रात्री नको.

स्वतःच्या गाडीने कोल्हापूर-बेळगाव हायवे, मग खानापूर, अळणावर, हल्याळ, यल्लापूर. जंगलातला रस्ता आहे, डोळे निवतात. घाई असेल तर धारवाड-हुबळीवरून या, लांब पडतं पण रस्ता मोठा. पेट्रोल यल्लापुरातच भरून घ्या.

६. गावात गेल्यावर कसं वागायचं

हे लिहायला नको खरं तर, पण लोक जे करतात ते बघून लिहावं लागतंय.

केसांना हात लावू नका. "केस खरे आहेत का" विचारू नका. आमच्याच गाडीतल्या एका बाईंनी शाळकरी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून "अय्या स्पंजसारखे" म्हटलं आणि ती पोरगी नंतर दोन दिवस आमच्यासमोर आली नाही. "तुम्ही मूळचे कुठले" हा प्रश्नही तिथे शंभर वेळा विचारून झालेला असतो, बाजारात, बसमध्ये, कॉलेजात, स्वतःच्या तालुक्यात परके समजून लोक इंग्रजीत बोलायला लागतात त्यांच्याशी. एक तरुण पोरगा मला म्हणाला, "आम्ही यल्लापूरचे, तुम्ही मूळचे कुठले?" मी कोल्हापूर म्हटलं, तर म्हणे "त्याच्या आधी?" मला काही सांगता येईना.

"हबशी" हा शब्द तोंडातून काढू नका, आपल्याकडे तो शिवीसारखा वापरला जातो आणि तो त्यांना कळतो. फोटो विचारून काढा, लहान मुलांचे त्यांच्या आयांना विचारून. अंगणात चपला काढून जा. मुलांना चॉकलेटं वाटू नका, दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येक गाडीमागे धावतात. त्यापेक्षा खेळाबद्दल बोला. १९८७ मध्ये क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलांना हेरून धावण्या-उड्यांचं ट्रेनिंग द्यायची योजना काढली होती, त्यातून चांगले खेळाडू तयार झाले, पण पुढे ती योजना गुंडाळली गेली. हा विषय काढला की वयस्कर माणसं तासभर बोलतात.

७. जेवण

इथे अपेक्षा आधीच नीट करून घ्या. "आफ्रिकन जेवण" असं काही ताटात येणार नाही. चारशे वर्षं ज्या जंगलात, ज्या शेजाऱ्यांबरोबर काढली तिथलंच जेवण आहे, भात, नदीचे मासे, खेकड्याचं कालवण, गावठी कोंबडी, कोकमाचं सार, फणस, रानभाज्या, बांबूचे कोंब. फरक हाताचा आहे. चुलीवर, दगडी पाट्यावर वाटलेला मसाला, आणि आपल्यापेक्षा तेल कमी.

खास खायची गोष्ट म्हणजे लाल मुंग्यांची चटणी. झाडावर पानं शिवून घरटी करणाऱ्या त्या चावऱ्या मुंग्या, कोकणात हुमले म्हणतात त्या. मुंग्या आणि अंडी भाजून मिरची, लसूण, मीठ घालून वाटतात, कन्नडमध्ये चिगळी चटणी म्हणतात. आंबट लागते, लिंबू पिळल्यासारखी, आणि मागून तिखट. माझ्या नवऱ्याने तोंड वाकडं करून घेतली आणि मग तीनदा मागितली. ॲलर्जीचा त्रास असेल तर टाळा, आणि ती रोज नसते, मुंग्या मिळाल्या तर होते, हट्ट धरू नका.

दुसरी गोष्ट मध. सिद्दी मध काढण्यात पटाईत, उंच झाडांवर चढतात ते बघून पोटात गोळा येतो. नांगी नसलेल्या बारीक माश्यांचा मध मिळाला तर चाखून बघा, पातळ आणि आंबटसर असतो, फार थोडा निघतो म्हणून महाग. रस्त्याकडेला प्लास्टिकच्या बाटलीत जो "जंगली मध" मिळतो तो मात्र घेऊ नका, आम्ही घेतलेल्याचा पंधरा दिवसांत तळाशी साखरेचा पाक जमला होता. ज्या घरी राहाल त्यांच्याकडूनच घ्या.

जेवायच्या आधी एक करा, स्वयंपाकघरात जाऊन विचारा मदत करू का. आमच्या सासूबाई खोबरं खोवायला बसल्या आणि तिथेच त्यांची मैत्री झाली, मग भाजी कशी केली, सून कशी आहे, सगळं निघालं. (सून मीच. मी बाहेर बसून ऐकत होते.)

८. गाणं आणि दमाम

दमाम म्हणजे दोन्ही बाजूंनी चामडं ताणलेला, पोखरलेल्या लाकडाचा ढोल. पूर्वी हरणाचं कातडं लावायचे, आता शिकारीला बंदी असल्यामुळे बकऱ्याचं. या वाद्यावरूनच नाचाला दमामी म्हणतात. वाजवणारे बसून वाजवतात, बायका गातात आणि गोल धरतात. सुरुवात इतकी हळू असते की तुम्हाला वाटेल हेच का ते. थांबा. अर्ध्या तासाने तोच ताल असा चढतो की खुर्चीवर बसवत नाही.

आणि मग फुगडी. हो, आपलीच फुगडी, नावही तेच. आई (सासूबाई) हे बघून उठल्याच, ६८ वर्षांची बाई गुडघ्याचा पट्टा लावून गोलात शिरली. तिथल्या बायकांनी हात धरून हळूहळू फिरवलं.

सूचना तीनच. सिनेमातल्या गाण्याची फर्माईश करू नका. व्हिडिओ काढायचा तर पाच मिनिटं काढून फोन खिशात टाका, आणि इंटरनेटवर टाकणार असाल तर आधी विचारा. नाचाच्या मध्ये नोटा ओवाळू नका, हा लावणीचा फड नाही, पैसे ठरलेले असतात, जास्त द्यायचे असतील तर संपल्यावर गटाच्या ताईंकडे द्या.

गाण्याचे अर्थ विचारा. मला वाटलं होतं आफ्रिकेच्या आठवणी वगैरे असतील. एक गाणं माशाच्या आमटीबद्दल होतं, एक नणंदेबद्दल.

९. जंगल आणि धबधबे

एक पूर्ण दिवस ठेवा आणि पहाटे निघा. धनेश सकाळीच दिसतात, त्यांच्या पंखांचा आवाज आधी येतो, कोणी जुनी मोटार चालू करतंय असा. गाईड गावचा असेल तर फळलेला वड-उंबर कुठे आहे ते त्याला माहीत असतं, तिथे नुसतं गप्प उभं राहायचं.

सातोडी धबधबा यल्लापूरपासून ३० किलोमीटरच्या थोडा पुढे, उंची फक्त १५ मीटरच्या आसपास, पण पसरट आणि देखणा. शेवटचा रस्ता कच्चा, छोट्या गाडीचं पोट घासतं. मागोडला बेडती नदी दोन टप्प्यांत सुमारे २०० मीटर खाली जाते, तो लांबूनच बघायचा. तिथून जवळच जेनुकल्लू गुड्डा नावाचा पॉइंट आहे, सूर्यास्त तिथे करा. सकाळी सातोडी, दुपारी जेवून मागोड, मग जेनुकल्लू असा क्रम लावा, उलटं केलंत तर अंधारात कच्च्या रस्त्याने परत यावं लागेल.

पाण्यात उतरायचं का हे गाईड ठरवेल, तुमचा भाचा नाही. दगड शेवाळलेले असतात. आणि हे वाघाचं जंगल आहे, पलीकडे काळी व्याघ्र प्रकल्प लागतो, त्यामुळे "जरा आत जाऊन येतो" हा प्रकार नको. वाघ मात्र दिसेल अशी आशा ठेवू नका, गाईडलाच वर्षानुवर्षं दिसत नाही.

१०. कवंद घ्यायची तर

कवंद म्हणजे सिद्दी बायकांची गोधडी, आमच्या कोल्हापूरच्या भाषेत वाकळ. जुन्या कपड्यांचे तुकडे एकावर एक लावून बाहेरच्या कडेपासून आत आत धावदोऱ्याने शिवत जातात. चारही कोपऱ्यांत छोटे तिकोनी घडीचे तुकडे लावतात, त्यांना फुला म्हणतात, त्याशिवाय कवंद पुरी झाली असं मानत नाहीत. विकत घेताना कोपरे आधी बघा, फुला नसेल तर ती घाईत बाजारासाठी केलेली.

भाव करू नका असं मी म्हणणार नाही, पण एक मोठी कवंद हाताने शिवायला कित्येक आठवडे जातात, शेतातलं आणि घरातलं सगळं करून दुपारचा जो वेळ मिळतो त्यात. तो हिशोब करा आणि मग तोंड उघडा. तयार नसेल तर ऑर्डर द्या, माप सांगा, थोडे पैसे द्या, फोन नंबर आणि पत्ता मोठ्या अक्षरात लिहून द्या, कुरिअरचा खर्च आपण करायचा. आमची अडीच महिन्यांनी आली, मध्ये दोनदा फोन केला तर "भात कापणी चाललीय" असं उत्तर, ते धरूनच चाला.

जुन्या साड्या न्यायला सांगितल्या त्या यासाठी. आई त्यांची एक विटलेली हिरवी इरकल ठेवून आल्या होत्या, ती कवंदेत अगदी मधोमध लावून आली. तुमची साडी वापरायची असेल तर आधी सांगा आणि धुऊन न्या, जरीची नको, सुई जात नाही.